घाट चढतो दमानं, उतरतो मांड्यांनी

कळसूबाई करून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी नीट बघा. जिना चढताना त्याला फारसं काही होत नाही. उतरायची वेळ आली की मात्र तो कठडा घट्ट धरतो, एकेक पायरी आडवा होऊन उतरतो आणि मांडीवर हात ठेवून थांबतो. आदल्या दिवशी त्याला धाप लागली होती ती चढताना. छाती भरली होती, शिड्यांपाशी दर वीस पावलांवर बसावं लागलं होतं. उतरताना तो गप्पा मारत, करवंदाच्या जाळ्या बघत आला होता. तरी दुखणं आलं ते उतरण्याचं. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी जास्त.

सोपं होतं ते दुखतं आणि अवघड होतं ते दुखत नाही, हे कसं? डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या धावण्याचं बहुतेक सगळं शास्त्र या एका प्रश्नात सामावलेलं आहे. गेली काही वर्षं मी हिवाळ्यात ज्या रस्त्यावर धावतो, तो या प्रश्नाचं उत्तर पावलागणिक दाखवत जातो. म्हणून त्या रस्त्याच्या आधारानंच सांगतो.

द्राक्षबागांपासून धरणापर्यंत

इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या आसपास, कावनई आणि सांजेगावच्या शिवारात वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत. तिथून घोटीला यायचं आणि भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. पिंपळगाव मोर मागे पडलं की डाव्या-उजव्या बाजूची भातखाचरं अरुंद होत जातात आणि समोर कळसूबाईची रांग भिंतीसारखी उभी राहते. ही रांग म्हणजे नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द. घाट चढून खिंड ओलांडली की बारी गाव येतं, तालुका अकोले. पुढे वारंघुशी फाटा, मग शेंडी आणि प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण. घोटीपासून हे अंतर पस्तीसएक किलोमीटर आहे. द्राक्षबागांपासून मोजलं तर ते मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या जवळ जातं.

अहिल्यानगर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाथर्डी-कर्जतचं कोरडं माळरान येतं. त्याच जिल्ह्यात, भंडारदऱ्याच्या मागे, घाटघर आहे आणि तिथला पाऊस असा की लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाईही याच अकोले तालुक्याच्या माथ्यावर आहे, १६४६ मीटर. अकोल्यातल्या माणसाला चढ-उतार वेगळा शिकवावा लागत नाही, कारण पाणी, सरपण, शाळा, बाजार यांतलं काही ना काही नेहमी वर किंवा खाली असतंच.

चढाचा हिशेब सरळ असतो

आधी चढ, कारण तो समजायला सोपा आहे. बारीतून कळसूबाईच्या माथ्यापर्यंतची चढाई ढोबळमानानं ९०० मीटर धरू. साठ किलोचा माणूस स्वतःचं वजन तेवढं वर नेतो, तेव्हा नुसत्या उचलण्याचं काम होतं सुमारे सव्वाशे किलोकॅलरीचं. पण स्नायू काही फुकट काम करत नाहीत. आपण त्यांना चार रुपयांचं इंधन द्यावं, तेव्हा ते एक रुपयाचं काम करतात आणि उरलेले तीन रुपये उष्णता होऊन अंगाबाहेर जातात. म्हणजे खर्च झाला पाचशे किलोकॅलरीच्या आसपास, मध्यम आकाराच्या चार-पाच भाकरींएवढा. चढताना घामानं सदरा भिजतो तो या तीन रुपयांमुळे.

हे इंधन जाळायला प्राणवायू लागतो. फुप्फुसं आणि हृदय तो ठरावीक वेगानंच पुरवू शकतात. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की धाप लागते. म्हणून चढावर आपल्याला थांबवतं ते हृदय आणि श्वास. पायांत ताकद असते, पण त्यांना रसद पोचत नाही. थोडं थांबलं की रसद पोचते आणि आपण पुन्हा निघतो. चढाचं कर्ज असं जागच्या जागी फिटतं, दुसऱ्या दिवसासाठी फार काही मागे राहत नाही.

इटालियन शरीरशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा हिशेब फार बारकाईनं मांडला. डोंगरात धावणाऱ्या सरावलेल्या धावपटूंना त्यांनी ट्रेडमिलवर निरनिराळ्या चढांवर आणि उतारांवर पळवलं आणि त्यांचा प्राणवायू मोजला. त्यांच्या सूत्रानुसार शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल, तर सपाटीच्या सुमारे १.६६ पट खर्च येतो. तेवढ्याच उताराला साधारण साठ टक्के लागतो. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चढताना जादा गेलेलं उतरताना पूर्ण परत मिळत नाही. एक किलोमीटर वर आणि एक किलोमीटर खाली मिळून खर्च सपाटीच्या दोन किलोमीटरपेक्षा बारा-तेरा टक्के जास्तच होतो. घाट नेहमी थोडं कमिशन कापून घेतो.

याच अभ्यासात असंही दिसलं की उतार वाढत गेला तसा खर्च कमी होत गेला, पण एका मर्यादेपर्यंतच. शंभराला वीस मीटर उतारावर तो सर्वांत कमी, सपाटीच्या जवळपास निम्मा होता. त्याहून उभ्या उतारावर तो पुन्हा वाढू लागला. तिथून पुढे माणूस धावत नसतो, स्वतःला आवरत असतो.

चढ फारच उभा असेल तर धावू नये, चालावं. त्याच वेगानं वर जायचं असेल तर तीव्र चढावर चालणं धावण्यापेक्षा स्वस्त पडतं. अनुभवी डोंगरी धावपटू गुडघ्यांवर हात टेकवून चालताना दिसतात ते याचसाठी.

दोर सोडणारे हात

आता उतार. लेखाचा खरा विषय हाच आहे.

रहाटाशिवाय विहिरीतून पोहरा शेंदला असेल त्याला हे पटकन कळेल. भरलेला पोहरा वर ओढताना दंड भरून येतात आणि दम लागतो. तोच भरलेला पोहरा हळूहळू खाली सोडायचा असेल तर? दम लागत नाही. पण दोर हातातून सरकतो आणि तळवे सोलून निघतात. दोन्ही वेळा वजन तेच आणि दोर तोच. ओढताना थकवा येतो, सोडताना इजा होते.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचं हेच होतं. पाऊल जमिनीवर पडलं की गुडघा किंचित वाकतो. तो पूर्ण वाकून आपण खाली बसू नये म्हणून मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आवळून धरतो. स्नायू आखडत असताना लांब होतो, म्हणजे दोर धरून ठेवत सोडतो. चढताना तोच स्नायू आखडत असताना आखूड होतो, म्हणजे दोर ओढतो.

स्नायूच्या आत डोकावलं तर तिथे असंख्य बारीक तंतू एकमेकांत सरकत असतात आणि एका तंतूचे इवलेसे हात दुसऱ्याला पकडून ओढत असतात. ओढायचं असतं तेव्हा प्रत्येक हाताला पकड सोडून पुढे नव्यानं पकडायला इंधनाचा एक कण लागतो. ताणलं जात असताना मात्र बरेचसे हात जबरदस्तीनं सुटतात, त्यांना सुटायला इंधन लागत नाही. शिवाय ताणला जाणारा स्नायू जास्त जोर पेलू शकतो, म्हणून मेंदू तेवढ्याच वजनासाठी कमी तंतूंना कामाला लावतो. इंधन वाचतं ते यामुळे आणि इजा होते तीही यामुळेच. पालखी चाळीस खांद्यांवर असली तर चालते. तीच पंधरा खांद्यांवर दिली की वाट तेवढीच राहते, पण प्रत्येक खांदा सोलून निघतो.

हे पटवून देणारा एक फार सुंदर प्रयोग १९५२ मध्ये लंडनमध्ये झाला. अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि त्यांची साखळी एकच ठेवली. एकानं पुढे पायडल मारायचं आणि दुसऱ्यानं उलटं फिरणारं आपलं पायडल आवरत राहायचं. साखळी एकच असल्यामुळे दोघांच्याही पायांवर जोर सारखाच. पायडल मारणारा थोड्याच वेळात धापा टाकू लागला. आवरणारी व्यक्ती कमी ताकदीची असूनही निवांत राहिली, कारण तिला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी होता. तोच जोर लावायला दिशा बदलताच खर्च इतका घटतो, हे त्यातून डोळ्यांना दिसलं.

माझ्या मते घाटातल्या धावण्यातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. श्वास शांत असतो, घड्याळ चांगला वेग दाखवत असतं आणि आपल्याला वाटतं, उतारावर विश्रांती मिळते आहे. हृदयाला मिळतेच. पण मांडीचे तंतू त्याच वेळी खर्ची पडत असतात आणि त्यांची तक्रार पोचायला चोवीस तास लागतात.

तिसऱ्या दिवशी जास्त का?

पूर्वी असं मानलं जायचं, आणि अजूनही व्यायामशाळांत सांगितलं जातं, की दुखणं लॅक्टिक आम्लामुळे होतं. ते खरं नाही. जोरात धावल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं. इतकंच नाही, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. आणि लॅक्टेट सर्वांत जास्त तयार होतं ते चढावर, दुखणं मात्र उताराचं येतं. एवढ्या एका विसंगतीनंच तो समज निकालात निघायला हवा होता. अमेरिकी संशोधक थिओडोर हाउ यांनी १९०२ मध्येच सुचवलं होतं की उशिरा येणारं हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यातून येत असावं.

आज चित्र असं आहे. ताणलं जात असताना काही तंतूंची सर्वांत बारीक एककं प्रमाणाबाहेर लांबतात आणि नीट जागेवर परतत नाहीत. पेशीच्या पडद्याला सूक्ष्म इजा होते, जिथे नको तिथे कॅल्शियम झिरपतं आणि मोडलेला भाग साफ करायला शरीराची यंत्रणा कामाला लागते. ती यायला, सूज धरायला आणि वेदनेच्या नसा हळव्या व्हायला वेळ जातो. म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, तिसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. स्नायूचा जोर मात्र उतरण्याच्या वेळेपासूनच घटलेला असतो. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात सपाट रस्ता आला की पाय आपले वाटेनासे होतात, ते यामुळे.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये हे हजारो लोक दरवर्षी अनुभवतात. २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत सुरुवातीला यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं वर जाऊन वळायचं आणि त्याच घाटानं उतरायचं. पहिल्यांदा भाग घेणारे चढाची भीती घेऊन येतात आणि त्यासाठीच तयारी करतात. शर्यत निम्म्यात वळली की त्यांना वाटतं अवघड भाग संपला, आणि शरीराच्या दृष्टीनं तो तिथेच सुरू होतो.

मोळी घेऊन उतरणारी आजी

बारीच्या वर, रस्ता सोडून पायवाट खाली येते तिथे, एका जानेवारीत मी थांबलो होतो. वरून एक आजी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन उतरत होती. साठीच्या पुढची असावी, पायात साध्या रबरी चपला. मला तिच्या पावलांचा आवाज आला नाही, हीच गोष्ट आधी जाणवली. पावलं फार आखूड होती, जेमतेम वीतभर पुढे पडणारी, पण भराभर पडणारी. गुडघे कधीच पूर्ण सरळ होत नव्हते. पाऊल शरीराच्या पुढे पडत नव्हतं, जवळजवळ शरीराखालीच पडत होतं. मोळी मात्र एका रेषेत सरकत होती, वरखाली हलत नव्हती. मी विचारलं तेव्हा तिचं म्हणणं एवढंच की टाच आपटली तर ओझं मानेत बसतं.

प्रयोगशाळा याहून वेगळं सांगत नाही. कोलोराडो विद्यापीठातल्या गॉट्सशॉल आणि क्रॅम या संशोधकांनी २००५ मध्ये जमिनीचा मार मोजणारी ट्रेडमिल तिरकी करून त्यावर लोकांना पळवलं. नऊ अंशांच्या उतारावर पाऊल पडतानाचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढला आणि ब्रेकसारखा मागे ओढणारा जोर ७३ टक्क्यांनी. हा ब्रेकचा जोर मांडीच त्या ताणात पेलते. पाऊल जितकं पुढे टाकाल तितका ब्रेक जास्त लागतो.

घाटात मालट्रक कसा उतरतो ते आठवा. अनुभवी चालक खालच्या गिअरमध्ये, गुणगुणणाऱ्या इंजिनानं, ब्रेकवर कमी भार देत उतरवतो. नवखा वेगात सोडतो आणि वळणापाशी ब्रेक दाबून धरतो. मग घाटभर जळक्या लायनरचा वास येतो. आखूड आणि भराभर पडणारी पावलं म्हणजे खालचा गिअर. एकूण शोषायची ऊर्जा तीच राहते, कारण उंची तेवढीच उतरायची असते. पण ती थोड्या मोठ्या धक्क्यांऐवजी खूप साऱ्या लहान धक्क्यांत वाटली जाते आणि कुठलाही तंतू फार ताणला जात नाही. भीतीनं मागे रेलून, टाचा रोवत उतरणं म्हणजे ब्रेक दाबून धरणं.

त्या आजीला दुसऱ्या दिवशी मांड्या दुखत नसणार, आणि त्याचं कारण नुसतं कौशल्य नाही. आयुष्यभर रोज उतरल्यामुळे तिचे स्नायू ताणाला सरावलेले आहेत. निसर्गानं दिलेली ही फार मोठी सवलत आहे. एकदा उतारानं इजा झालेला स्नायू दुरुस्त होताना असा बदलतो की पुढचे काही आठवडे त्याच उतारानं त्याला पहिल्याच्या मानानं फारच कमी त्रास होतो. लशीचा एक डोस घेतल्यासारखं. ही लस चढून मिळत नाही, सायकल चालवूनही मिळत नाही. ती फक्त उतरून मिळते.

चौकट : घाटाच्या शर्यतीआधी

• शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी पहिल्यांदा उतारावर धावा. वीसेक मिनिटं पुरेत. पुढचे तीन दिवस दुखेल, तेव्हा हलकं चाला.
• दर आठवड्या-दहा दिवसांनी उतार थोडा वाढवा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, नंतर नाही.
• जवळ घाट नसेल तर इमारतीचा जिना चालेल. लिफ्टनं वर जा, पायांनी खाली या.
• उतारावर पावलं आखूड, गुडघे सैल, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. पावलांचा आवाज मोठा येत असेल तर पाऊल फार लांब पडतं आहे.
• धावताना दुखणं दाबायला गोळी घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात काही वेदनाशामकं मूत्रपिंडांवर ताण आणतात.
• पाणी तहानेप्रमाणे. नुसतं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं मीठ विरळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत बरं.

द्राक्षाला हवी तीच रात्र धावपटूला हवी

आता पुन्हा मुकण्याच्या बागांकडे. नाशिकच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुला ही वायनरी सुरू केली, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि मग टेकड्यांच्या उतारांवर शिराझ, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ अशी परदेशी नावं रुळली. फ्रान्समध्ये द्राक्षं उन्हाळ्यात वाढतात आणि शरदात तोडतात. आपल्याकडे पावसाळा आडवा येतो. म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी. मग मण्यात पाणी उतरतं ते थेट थंडीत, आणि तोडणी जानेवारी ते मार्च.

वाइनच्या द्राक्षाला गोडीबरोबर आंबटपणाही लागतो. मणी रात्रीही श्वास घेत असतो आणि रात्र उबदार असेल तर त्या श्वासात आतलं मॅलिक आम्ल जळून जातं. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल तर दिवसा साखर भरते आणि रात्री आम्ल टिकतं. अर्थात गारवा अती झाला तर नुकसान होतं. निफाडकडे पारा फार उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर धरतात.

धावणाऱ्याचंही असंच आहे. वर म्हटलं तसं, चारातले तीन रुपये उष्णतेत जातात. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, म्हणजे तेवढं रक्त पायांना कमी पडतं. हवा गार असेल तर ही ओढाताण कमी होते. मॅरेथॉनसाठी दहा-बारा अंशांच्या आसपासची हवा उत्तम समजली जाते, आणि जानेवारीतल्या पहाटे घोटीच्या रस्त्यावर ती आपसूक मिळते. दहा वाजता ऊन चढलं की तोच रस्ता परका होतो. म्हणून आपण अंधारात निघतो. बागेतही तोडणी याच सुमाराला चाललेली असते, कारण घड गार असतानाच कापून क्रेटमध्ये भरले तर रस चांगला राहतो. मांडवाखाली हलणारे टॉर्च बघत, ओल्या मातीचा आणि पिकल्या द्राक्षांचा वास घेत धावण्याचे ते पहिले काही किलोमीटर मला वर्षभर पुरतात.

दोन दारांची एसटी

चाळीस किलोमीटरचा घाटरस्ता साठवलेल्या इंधनावर पुरा होत नाही. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. साठ किलोच्या माणसाला सपाटीवरच्या मॅरेथॉनला अडीच हजारांच्या आसपास लागतात, घाटात त्याहून जास्त. उरलेली भर चरबी घालते, पण चरबी सावकाश जळते आणि चढावरची तातडीची मागणी तिला झेपत नाही. साठा संपला की पाय एकाएकी शिशाचे होतात. धावणारे याला ‘वॉल लागली’ म्हणतात.

म्हणून वाटेत खावं लागतं, आणि इथे द्राक्ष आपल्या मदतीला येतं. आतड्यातून रक्तात साखर शिरायला दारं असतात. ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. नुसतं ग्लुकोज खाल्लं तर त्याच्या दारातून तासाला ६० ग्रॅमच्या आसपास आत जातं, बाकीचं रांगेत थांबतं आणि पोटात गडबड करतं. दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर दोन दारं चालू होतात आणि तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. जत्रेच्या दिवशी एसटीचं पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडली की स्टँड किती लवकर रिकामं होतं, तसंच. महागड्या जेलच्या पाकिटांवर हे मिश्रण मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पिकल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मंनिम्म असतं, कुणी न मिसळताच.

ताजी द्राक्षं खिशात चिरडतात, बेदाणे नाही. तीसएक ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ बेदाण्यांत वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंना ८० मिनिटं पळवून नंतर पाच किलोमीटर वेगानं धावायला लावलं. बेदाणे खाल्लेले आणि तयार गोळ्या खाल्लेले बरोबरीचे ठरले, आणि नुसतं पाणी प्यायलेल्यांपेक्षा दोघेही सुमारे मिनिटभर पुढे होते. मी तासगावचे बेदाणे आणि चिमूटभर मीठ एका पुडीत बांधून नेतो. पण सवय नसलेल्या पोटाला त्यातल्या चोथ्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका, सरावात खाऊन बघा.

आणि वाइन?

द्राक्षबागांतून धावायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ मेदोक मॅरेथॉन १९८५ पासून होते. लोक वेषांतर करून धावतात आणि वाटेतल्या थांब्यांवर वाइन चाखतात. तो एक आनंदोत्सव आहे आणि तिथले बहुतेक लोक वेळेसाठी धावत नाहीत. पण पूर्वी मद्य हे धावपटूचं औषध समजलं जायचं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली होती. तो शेवटी भ्रमिष्टासारखा होऊन, आधार घेत रेषेपर्यंत पोचला.

मद्य का चालत नाही, याचं उत्तर यकृतात आहे. धावताना यकृत एकीकडे साठवलेली साखर सोडत असतं आणि दुसरीकडे नवी साखर घडवत असतं. मद्य आत आलं की ते विष मोडण्याचं काम यकृत आधी हातात घेतं आणि नवी साखर घडवण्याचं काम मागे पडतं. साठा संपत आलेल्या धावपटूची रक्तातली साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. शिवाय मद्य लघवी वाढवतं आणि तोल बिघडवतं. उतारावर पाऊल नेमकं पडायला हवं असताना तोल गेला तर काय होईल, हे सांगायला नको. धावणं संपल्यावर आधी पाणी, मीठ आणि पोटभर जेवण, आणि प्यायचीच असेल तर वाइन त्यानंतर काही तासांनी, गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन.

सावरपाड्याची वाट

हा सगळा टापू लांब पल्ल्याच्या धावण्याचं बाळकडू देणारा आहे, हे कविता राऊतनं जगाला दाखवलं. नाशिकच्या डोंगराळ भागातल्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली. लोक तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात. चढ-उतारावर वाढलेल्या मुलांचे स्नायू लहानपणापासून दोन्ही भाषा बोलतात, ओढण्याची आणि सोडण्याची. शहरातल्या सपाट रस्त्यावर, लिफ्टच्या इमारतीत वाढलेल्याला यातली दुसरी भाषा मोठेपणी शिकावी लागते.

मी ती अजून शिकतो आहे. मागच्या हिवाळ्यात शेंडीला पोचलो तेव्हा धरणावर ऊन आलं होतं. चहाच्या टपरीसमोर दोन पायऱ्या होत्या आणि मी त्या सरळ, कशालाही न धरता उतरलो. त्याआधीच्या वर्षी ते जमलं नव्हतं. दोन्ही वर्षांत मी चढाचा सराव सारखाच केला होता. फरक एवढाच की या वेळी नोव्हेंबरपासून दर रविवारी, धावून झाल्यावर, घराजवळची टेकडी फक्त उतरण्यासाठी दोनदा जास्त चढत होतो.